‘आणि सहकारी’ म्हणजे नेमकं कोण?

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या पानावर एका वाचकांचं पत्र होतं, की हल्लीची गाणारी पोरं रियाज सोडून रील काढत बसतात, स्वतःचीच जाहिरात करतात, आणि देवासमोर गायचं गाणं त्यांनी दुकानात मांडलंय. पत्र मी दोनदा वाचलं. लिहिणाऱ्यांची कळकळ खरी आहे, त्याबद्दल शंका नाही. पण १९८८ ते २००९ अशी एकवीस वर्षं मी फोंड्याच्या बाजारात कॅसेटचं दुकान चालवलंय आणि त्याच्याही आधीपासून आजपर्यंत भजनाला पेटी वाजवतोय, त्यामुळे गाणं विकणं म्हणजे काय ते मी काउंटरच्या अलीकडून पण बघितलंय आणि पलीकडून पण, म्हणून चार गोष्टी सांगाव्याशा वाटल्या, आणि त्यातली मुख्य म्हणजे ज्यांना फ्लेक्सवर नुसतं ‘आणि सहकारी’ म्हणून उरकतात त्या साथ करणाऱ्यांबद्दल. पत्र थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट म्हणजे, रेकॉर्ड विकून आमच्याकडचा गाणारा कधीच जगला नाही. कॅसेटच्या काळात नाही, सीडीच्या काळात नाही, आणि आज मोबाईलवर तर नाहीच नाही.

आमच्या भागातल्या एका भजनी बुवांची गोष्ट सांगतो, नाव नको, घरचे अजून इथेच आहेत. १९९४-९५ च्या सुमारास त्यांनी स्वतःच्या खर्चाने अभंगांची कॅसेट काढली. पतपेढीतून कर्ज काढलं, स्टुडिओला सहा हजार दिले आणि ५०० कॅसेटी करून घेतल्या, त्याचे वेगळे, एका कॅसेटला १६ रुपये. विक्री ३० रुपयांना, त्यातले ५ माझे, २५ त्यांचे. दीड वर्षात माझ्या दुकानातून २१० गेल्या, आणि त्यातल्या पन्नासेक तर चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आठवड्यातच. हिशेब करा, निम्मे पैसे पण वसूल झाले नाहीत, उरलेले खोके त्यांच्या घरी माळ्यावर गेले. पण गंमत पुढेच आहे. त्या कॅसेटच्या कव्हरवर त्यांचा फोटो होता, पिवळा फेटा, हातात टाळ, आणि खाली मोठ्या अक्षरात नाव. ती एक एक कॅसेट कुठे कुठे फिरली देव जाणे, पण दुसऱ्या वर्षापासून त्यांना पेडण्यातून बोलावणी यायला लागली, मग सावंतवाडी, मग कारवार. सप्ताह म्हणू नका, काल्याची कीर्तनं म्हणू नका, लोक विचारायचे "फोटोवाले बुवा येणार का?" कर्ज त्यातून फिटलं, मुलगी इंजिनिअर झाली ती पण त्यातूनच. म्हणजे कॅसेट विकून बुवांना काही मिळालं नाही, कॅसेटवरच्या नावानेच त्यांचं घर चालवलं. आजची पोरं याला ब्रँड म्हणतात, आम्ही नाव म्हणायचो.

आणि हे आमच्या बुवांपासून सुरू झालं असंही नाही. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान या गायिकेने ग्रामोफोन कंपनीसाठी गाणी गायली तेव्हा शेवटी ती स्वतःचं नाव मोठ्याने सांगायची, ते पण इंग्रजीत. कारण साधं होतं, तबकड्या जर्मनीत छापायच्या, तिथल्या कामगाराला लेबलवर कुणाचं नाव घालायचं ते कळायला हवं. पण ते नाव ऐकून ऐकून घराघरात पोचलं, पुढे पोस्टकार्डांवर आणि काडेपेट्यांवर सुद्धा तिचं चित्र आलं. काडेपेटीचे पैसे तिला मिळाले की नाही तो वेगळा विषय, आणि तोच आजचाही विषय आहे, त्यावर मी नंतर येतो.

उलट टोकाला आमच्या केरीच्या गायिका केसरबाई केरकर. रेकॉर्डिंगच्या बाबतीत त्या फार कडक, मागे ठेवल्या त्या रेकॉर्ड मोजक्याच. केसरबाईंना ऐकायचं तर मैफलीला जायला पाहिजे, एवढंच. मला विचाराल तर हे सुद्धा नाव राखणंच होतं, फक्त पद्धत वेगळी. स्वतःला कमी दाखवलं म्हणून किंमत वाढली. आणि बघा, ज्या बाईने रेकॉर्ड मोजक्याच दिल्या तिचीच भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाच्या सोन्याच्या तबकडीत बसून सूर्यमालेच्या बाहेर निघाली. आम्हा फोंडेकरांना याचा केवढा अभिमान वाटतो ते शब्दांत नाही सांगता येणार.

आणि आमचा पॉप गायक रेमो फर्नांडिस! १९८४ मध्ये त्याने शिवोलीला घरातच पहिला अल्बम रेकॉर्ड केला, सगळी वाद्यं स्वतः वाजवली, कंपन्यांची वाट बघत बसला नाही, कॅसेटी स्कूटरवर घालून गोवाभर दुकानादुकानात स्वतः नेऊन दिल्या. मोठी कंपनी त्याच्याकडे आली ती त्याच्या नंतर. मी दुकान घातलं तेव्हा त्याचं नाव इतकं झालं होतं की लोक गाण्याचं नाव न सांगता "रेमोचं नवीन काय आलंय" एवढंच विचारायचे. तियात्राची, म्हणजे कोंकणी नाटकांची, हँडबिलं बघा, त्यातली कांतारं (गाणी) म्हणणाऱ्यांचे फोटो आणि नावं किती ठळक असतात. त्या लोकांना कुणी कधी म्हटलं नाही की तुम्ही कला बाजारात मांडली. मग आमची बारा-पंधरा वर्षं नाट्यसंगीत शिकलेली पोरगी रील काढते तेव्हाच का बोचतं?

आता माझ्या भाचीबद्दल. एकोणतीस वर्षांची आहे, सकाळी शाळेत संगीत शिकवते (कंत्राटी), आणि यूट्यूबवर तिचा चॅनल आहे. तिने मला परवानगी दिलीय हिशेब लिहायला, "मामा, लिही, लोकांना कळू दे" म्हणाली, म्हणून लिहितो.

यूट्यूबकडून जाहिरातीतला वाटा मिळायला सुरुवातीला एक हजार सबस्क्राइबर आणि वर्षभरात चार हजार तास बघितलेले पाहिजेत. तिला ते जमवायला चौदा महिने लागले, तोपर्यंत एक पैसा नाही. मग एक अभंग दोन लाख लोकांनी बघितला, सगळ्या नातेवाईकांना वाटलं आता पोरगी गाडी घेणार, हातात आले तीन हजार आठशे. त्यातले हजार तबलजीला, हजार एडिटिंगवाल्याला. स्पॉटिफायवर तर २०२४ पासून नियमच आहे, मागच्या बारा महिन्यांत एखादं गाणं हजार वेळा वाजलं नाही तर त्याचे पैसेच नाहीत. आणि वाजलं तरी काय, सगळ्यांचे पैसे एका भांड्यात जमतात आणि एकूण जेवढं ऐकलं गेलं त्यात तुमचा वाटा किती यावर मोजून मिळतात, म्हणजे हिंदी सिनेमाच्या गाण्यांच्या महापुरात आमच्या अभंगाची वाटी.

पुढे अजून एक प्रकार झाला. तिने सौभद्रातलं एक पद गायलं. नाटक १८८२ चं, अण्णासाहेब किर्लोस्कर वारले १८८५ ला, त्याच्यावर आज कुणाचा हक्क राहिलेला नाही कारण आपल्या कायद्यात लेखक-संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी ते सगळ्यांचं होतं. तरी दुसऱ्या दिवशी क्लेम आला, की हे गाणं आमचं. कुठल्या तरी कंपनीकडे त्याच पदाचं जुनं रेकॉर्डिंग आहे आणि मशीनला दोन्ही सारखी वाटली. पोरगी रडकुंडीला आली. मग मी आणि ती बसून अर्ज केला, उत्तर द्यायला समोरच्याला तीस दिवस असतात, तेवढे दिवस जीव टांगणीला, शेवटी क्लेम सुटला. पण किती पोरं एवढं करतात? बहुतेक घाबरून व्हिडिओ काढूनच टाकतात. आणि दुसरी बाजूही सांगतो, आमच्याच मंगेशीच्या अभिषेकीबुवांच्या चाली अजून अशा मोकळ्या नाहीत, बुवा १९९८ ला गेले म्हणजे २०५८ संपेपर्यंत त्यावर हक्क आहे आणि असायलाच हवा. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे, पण त्यांना लावलेली चाल एखाद्या माणसाची असते, हा फरक आमच्या भजनी मंडळांना अजून माहीतच नाही.

मग ती जगते कशावर? सकाळी साडेसहाला अमेरिकेतल्या मराठी मुलांचा ऑनलाइन क्लास (तिकडे संध्याकाळ), मग शाळा, मग दुबई-मस्कतची तीन मुलं, मिळून अकरा विद्यार्थी. आषाढीपासून चवथीपर्यंत भजनं, कार्तिकापासून पुढे जत्रा. आमच्याकडे हे बरं आहे, किनाऱ्यावरच्या शॅकवाल्यांचे गाणारे जूनमध्ये घरी बसतात तेव्हा आमचा खरा हंगाम सुरू होतो. शिवाय महिन्याला शंभर रुपये देणारे बेचाळीस लोक आहेत, पुण्याचे, बेळगावचे, मस्कतचे, त्यांच्यासाठी ती महिन्यातून एकदा तास-दीड तास रियाजच लाईव्ह करते. नुसता रियाज, चुकली तर थांबते, परत घेते. त्यातले एक आजोबा बेळगावहून दर वेळी लिहितात की तुझं गाणं ऐकण्यापेक्षा तुझं थांबून परत घेणं ऐकायला आवडतं. मला सांगा, याला बाजार म्हणायचं का? मंडळी गाणाऱ्याला आधार देत आली म्हणूनच तर गाणं टिकलं, पूर्वी संस्थानिक द्यायचे, पुढे नाटकाचं तिकीट होतं, आता बेचाळीस लोक शंभर-शंभर रुपये देतात. अमेरिकेत जॅक काँटी नावाच्या एका संगीतकाराचं असंच झालं होतं, मोठा खर्च करून व्हिडिओ केला आणि जाहिरातीचे पैसे खर्चाच्या मानाने काहीच येईनात, म्हणून २०१३ मध्ये त्याने पेट्रिऑन सुरू केलं, चाहत्याने कलाकाराला थेट पैसे द्यायचे. तिकडे जे झालं तेच आमच्या फोंड्यात एका खोलीत चाललंय.

एका सोनाराच्या दुकानासाठी तिने रील केलं, त्यांचे दागिने घालून चार ओळी गायल्या, आठ हजार मिळाले. त्यावर कमेंट आल्या की भक्तिसंगीत विकलं. ती दोन दिवस जेवली नाही. मी तिला म्हटलं की बाय, त्या आठ हजारातून तू तानपुरा दुरुस्त करून घेतलास ना, बस. त्याच महिन्यात एका हॉटेलने सांगितलं की पाहुण्यांच्या जेवणाच्या वेळी अभंग म्हण, त्याला ती नाही म्हणाली, पैसे जास्त होते तरी. म्हणजे कुठे थांबायचं ते त्या पोरांना कळतं हो. आपण बाहेरून ठरवायला जाऊ नये.

पण गेल्या आठवड्याच्या पत्रातली एक गोष्ट मला मान्य आहे आणि ती मी टाळणार नाही. वेळ जातो. भयंकर जातो. शनिवार पूर्ण एडिटिंगमध्ये जातो, मग कॅप्शन, मग कुणाला उत्तर द्या, मग चार दिवस काही टाकलं नाही की व्ह्यूज पडतात आणि मन पण पडतं. तिचा सकाळचा रियाज दोन तासांवरून एक तासावर आलाय हे मी माझ्या डोळ्यांनी बघतोय आणि मला त्याचं वाईट वाटतं. मोबाईलला पहिल्या तीन सेकंदांत तान पाहिजे, आलाप नको. संथ षड्ज लावून बसायला तिथे जागाच नाही. मी तिला सांगितलंय की महिन्यातून एक व्हिडिओ वीस मिनिटांचा टाक, दोनशे लोकांनी बघितला तरी चालेल. टाकते ती. दोनशेपेक्षा थोडे जास्तच बघतात.

आता ज्यासाठी खरं तर पत्र लिहायला बसलो ते.

नाव करा, जरूर करा, नावावरच जगायचंय. पण एकाच्या नावामागे तीन-चार माणसं असतात. गेल्या वर्षी एका मोठ्या हॉलमध्ये कार्यक्रम होता, पाहुणी गायिका, मी पेटीला, तबल्याला आमचाच जुना सोबती, पखवाज, टाळ, मागे गाणाऱ्या दोन मुली. बाहेर दहा फुटी फ्लेक्स, त्यावर गायिकेचं नाव, आयोजकांची नावं, आयोजकांचे फोटो, प्रायोजकांचे फोटो, आणि एका कोपऱ्यात ‘आणि सहकारी’. तबला वाजवणारा माणूस चाळीस वर्षं तबला वाजवतोय. त्याची नात बरोबर होती, तिने विचारलं आजोबा तुमचं नाव कुठे आहे, तर त्याने ‘सहकारी’ वर बोट ठेवलं. मी तिथे उभा होतो. मला त्या क्षणी काय वाटलं ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. कार्यक्रमाचा व्हिडिओ दुसऱ्या दिवशी फिरला, लाखभर लोकांनी बघितला म्हणे, त्यात पण कुणाचंच नाव नाही. मानधनात गायिकेला पाकीट आणि आम्हाला शाल, श्रीफळ आणि पेट्रोलचे पैसे, वर "देवाचं काम आहे" हे वाक्य. देवाचं काम आम्ही जन्मभर करतोय, फुकट करतोय, आनंदाने करतोय, गावच्या देवळात कुणी पैसे मागितले नाहीत आणि मागणारही नाही. पण जिथे तिकीट आहे, प्रायोजक आहे, व्हिडिओ विकला जातो तिथे ते वाक्य कुणी वापरू नये.

पूर्वी हे एवढं लागत नव्हतं, कारण सगळं वाजवणं गावात व्हायचं आणि गावाला प्रत्येकाचं नाव ठाऊक होतं. आता व्हिडिओ मस्कतला बघितला जातो. तिथल्या माणसाला तबला आवडला तर तो शोधणार कुणाला? नाव लिहिलेलं असेल तर त्या तबलजीला एक विद्यार्थी मिळतो, एक दौरा मिळतो. नाव हीच कमाई असेल तर नाव न लिहिणं म्हणजे मजुरी बुडवणं आहे, मी हे शब्द विचार करून लिहितोय.

कायदा झालाय, २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा त्यांनी सही करून सोडला तरी सुटत नाही, वाजवणाऱ्या-गाणाऱ्यांनाही आपल्या सादरीकरणावर हक्क आहे. साठच्या दशकात लताबाई रॉयल्टीसाठी भांडल्या, रफीसाहेबांशी अबोला झाला तो त्यावरूनच, तेव्हा कुठे हा विषय लोकांच्या कानावर गेला. पण कायदा मुंबईच्या स्टुडिओपर्यंत पोचतो, म्हार्दोळच्या सभामंडपापर्यंत नाही. स्वतःच्या चाली असतील त्या पोरांनी आयपीआरएसमध्ये (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून देणारी संस्था) नाव नोंदवावं, कोरस असो की वाद्य असो, रेकॉर्डिंगच्या आधी एक कागद करावा, कुणाला किती, व्हिडिओ कुणाचा, नावं कुठे. एक पान पुरतं. भाचीने केलंय, तिच्या प्रत्येक व्हिडिओत सुरुवातीलाच, गाणं सुरू व्हायच्या आधी, वाजवणाऱ्यांची नावं येतात, आणि जाहिरातीचे जे काही शे-दोनशे येतात ते वाटले जातात. रक्कम किरकोळ आहे, पण तबलजीच्या नातीने ते नाव मोबाईलवर मोठं करून त्याला दाखवलं.

कला अकादमीच्या भजनी स्पर्धांना मंडळं येतात, त्यांच्यातल्या कितीतरी पोरांकडे आता चांगले मोबाईल आहेत, स्वतःचे चॅनल आहेत. घुमट २०१९ मध्ये राज्याचं वारसा वाद्य झालं, छान झालं, पण घुमट वाजवणाऱ्याचं नाव कुठल्याही चवथीच्या व्हिडिओखाली शोधून बघा. मडक्याचं वाद्य प्रसिद्ध झालं आणि हात अनोळखीच राहिले. मंडळांनी या चवथीपासूनच सुरुवात करावी. आरतीचा व्हिडिओ टाकताना घुमट कोण, शामेळ (ढोलासारखं वाद्य) कोण, कांसाळं (झांजा) कोण, खाली लिहा, दोन मिनिटांचं काम आहे.

आणि संपादक महोदय, तुम्हालाही एक विनंती. तुमच्याकडे कार्यक्रमांच्या बातम्या येतात त्या बहुतेक आयोजकच लिहून पाठवतात, त्यात शेवटी ‘त्यांना तोलामोलाची साथ लाभली’ एवढंच असतं. ते तसंच छापू नका, फोन करून विचारा की साथ कुणाची. जागा कमी पडली तर प्रमुख पाहुण्यांच्या यादीतली दोन नावं गाळा. आमच्या भजनी मंडळाचा श्रावणातला कार्यक्रम लवकरच आहे, त्याचं निमंत्रण वेगळं पाठवतोय, त्यात आमच्या नऊही जणांची नावं आहेत, टाळ धरणाऱ्या दोन शाळकरी मुलांसकट.

आपला,
एक पेटीवादक, फोंडा